चंदनानं बुजलेला आकडा

बंदूक घेऊन एखाद्या गावाला जायचं म्हटलं, की लोक आधी पाय मागे घेतात आणि मग कान पुढे करतात. कुंभकोणमला उतरले तेव्हा माझ्या खांद्यावर एक लांबोडकी कापडी पिशवी होती. रिक्षावाल्यानं तिच्याकडे बोट करून विचारलं, "वीणैया?" वीणा का, एवढं तमिळ मला कळलं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यानं त्याच्या सोयीनं ठरवून टाकलं.

पिशवीत बाबांची रायफल होती.

मी कोल्हापूरची दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावते आणि रविवारी जुन्या रायफलींच्या. सगळ्या नाहीत, फक्त 'पॉइंट टू टू'. हिचं काडतूस पेन्सिलीहून बारीक. त्याला बुडाशी मधोमध टोपी नसते. बुडाच्या काठावर घाव बसला की बार उडतो. हा घाव घालतो तो बोल्ट, म्हणजे मागून सरकवून बसवायची पोलादी दांडी. तिला बाहेर एक मूठ असते, ती धरून बोल्ट मागेपुढे करायचा. नळी आणि बोल्ट यांचं जमलेलं असलं तर ही बंदूक गाईसारखी गरीब. दोघांत केसभर फट जास्त पडली, की घाव ओझरता बसतो, नुसतं 'टक्' होतं आणि नेम धरून पडलेला माणूस तोंड वाकडं करून उठतो.

कायदा एका माणसाला दोनच हत्यारं ठेवू देतो. माझी दोन भरलेली आहेत, तेव्हा बाकीचा संग्रह डोळ्यांचा. कुणाच्या माळ्यावर आजोबांची रायफल निघाली की मला बोलावणं येतं. "डॉक्टर, अस्सल विलायती आहे बघा!" मी भिंग लावून बसते. नळी बेल्जियमची, दस्ता गावच्या सुताराचा, नळीच्या टोकाची नेमाची माशी सायकलवाल्यानं डाखलेली, आणि स्क्रूच्या खाचा बघितल्या तर घरातल्या प्रत्येक पिढीनं सुरी घालून फिरवलेल्या. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात, असा सगळा प्रकार. मी ते सांगितलं की मालकांचा चेहरा पडतो आणि चहा यायला उशीर होतो.

लोकांना असं सांगत हिंडणाऱ्या माझ्या घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. बाबांच्या रायफलीच्या नळीवर एक नंबर आणि बोल्टवर दुसरा. शेवटचा आकडा तेवढा वेगळा. दहा बारांत दोन-तीन तरी फुकट जायचे. खरा बोल्ट कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं: कुंभकोणमला, सेतुमाधवरावांकडे. हे बाबांचे कारखान्यातले मित्र, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या मराठी घरातले. पुण्याजवळच्या एका कारखान्यात दोघं शेजारी-शेजारी काम करत, तिथल्याच रायफल क्लबात जात. दोघांनी एकाच वेळी, एकाच खोक्यातल्या दोन रायफली घेतल्या होत्या. पुढे सेतुमाधवराव नोकरी सोडून गावी गेले. बोल्टची अदलाबदल कशी झाली ते मात्र बाबांनी कधी धड सांगितलं नाही. विचारलं की हसायचे. "एकदा कुंभकोणमला जायचंय," म्हणायचे, रेल्वेचं वेळापत्रक काढायचे, गाड्या कुठे बदलायच्या ते मला समजावून द्यायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. असं करता करता बाबा गेले.

ते गेल्यावर मला एकच ध्यास लागला. नळीवर जो नंबर तोच बोल्टवर असलेली बाबांची रायफल एकदा हातात धरायची. बाबांनी नवी घेतली तेव्हा ती जशी होती, तशी. त्यामुळे त्या वेळचे बाबाही थोडेफार हाती लागतील, असं मला वाटायचं. बाई माणसानं साठीला टेकल्यावर असलं काही बोलून दाखवू नये, म्हणून मी लोकांना "संग्राहकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे" असं सांगत असे.

आणि मग पोंगलच्या आधी एका दुपारी फोन आला. "नीलाअक्का कां? मी रमा. कुंभकोणमूहून. सेतुमाधवरावांची लेक." अप्पांचं वय झालं, डोळे गेले, परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही असं ठरलं होतं. तिरुचीजवळच्या मुलींच्या एका रायफल क्लबानं बंदूक घ्यायचं कबूल केलं होतं. पण त्यांचा माणूस तपासायला आला तेव्हा बोल्टचा नंबर वेगळा निघाला, आणि क्लबात नेऊन बघितली तर बार फुकट जाऊ लागले. जुळता बोल्ट बसवून द्या, नाहीतर आम्ही घेत नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. "नाहीं घेतली तर कापून भंगारांत घालतील म्हणे," रमा म्हणाली. "तुमच्याजवळ आमचा बोल्ट आहे कां?"

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! दोघींचं काम एकाच फेरीत होणार होतं. माझा परवाना देशभर चालणारा. वर्दी द्यायची तिथे दिली, काडतुसं घरीच कुलपात ठेवली आणि निघाले.

लॉज

महामहम् तलावाजवळच्या एका लॉजमध्ये मी खोली ठरवली होती. मॅनेजर अंगभर विभूती लावलेले, गोड स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी पिशवी पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांची धाकटी बहीण वीणा शिकत होती. माझी वीणा एवढी सडपातळ कशी, तिचा भोपळा कुठे, महाराष्ट्रात अशाच असतात का, असं त्यांनी इंग्रजी-हिंदी मिसळून विचारलं आणि वर संध्याकाळी दोन ओळी ऐकवाल का म्हणाले.

आता मात्र खरं सांगणं भाग होतं. मी परवाना काढून काउंटरवर ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि आधी स्वतःची खुर्ची मागे सरकवली. मग अत्यंत अदबीनं सांगितलं, की खोलीतला पंखा आत्ताच बिघडला आहे. दुसरी खोली? तिथलाही. मी हसू दाबून रमाला फोन केला. कोल्हापुरात एव्हाना दहाजण "बघू, बघू" करत गोळा झाले असते आणि एकानं तरी खांद्याला लावून फोटो काढला असता. इथे मला निरोपाची कॉफी मिळाली. पितळी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत अशी उंचावरून ओतलेली, वर फेसाची टोपी. इतकी चांगली कॉफी पाजून मला याआधी कुणी हाकललं नव्हतं.

रमा स्कूटरवरून आली. पन्नाशीची, सुती साडी, केसांत अबोली, एका सहकारी बँकेत अधिकारी. पिशवी बघून म्हणाली, "मीं घरींच उतरा म्हणून सांगितलें होतें कीं नाहीं? बसा मागें." मी रायफल पाठीला लावली आणि आम्ही गावाच्या कडेला, मेलकावेरीला तिच्या घरी निघालो.

मेलकावेरी

कावेरीला पाणी होतं. फार नाही, वाळूच्या पट्ट्यांमधून वळत जाणारं, पण वाहतं. पलीकडे भात कापणीला आलेलं, पिवळं-हिरवं. पोंगल नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे दारोदारच्या रांगोळ्या अजून मोठ्याच होत्या आणि ऊस चघळून टाकलेल्या चोयट्या गल्लीत पडल्या होत्या. रमाचं घर म्हणजे साधं एकमजली, गच्चीवर पाण्याची टाकी, पुढच्या खोलीत विठ्ठलाची तसबीर आणि तिच्याखाली वायफायचा डबा.

दारात एक उंच, वाकलेले म्हातारे उभे होते. लुंगीसारखं नेसलेलं पांढरं वेष्टी, जाड काचांचा चष्मा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, अंदाजानं माझ्या खांद्याच्या दिशेनं हात पुढे केला.

"विसूची पोर? ये, ये. वाटेंत त्रास झाला कीं? जेवलीस कां?"

बाबांना 'विसू' म्हणणारं आता जगात कुणी उरलं नाही, असं मी धरून चालले होते.

"अप्पा, त्यांनीं अत्तां तर पाय ठेवला," रमा म्हणाली.

"म्हणून तर विचारतों. उभ्या-उभ्या कोणी जेवून येतें कां?"

पान वाढलं ते केळीच्या पानावर. भात, डाळ घातलेली वांग्याची चिंचेची भाजी, तिला हे लोक रसवांगी म्हणतात, आणि एक पांढरं दह्यातलं काहीतरी. "डांगर पच्चडी," रमानं सांगितलं. डांगर! उडदाचं पीठ ताकात कालवून आमची आई करायची तेच, फक्त इथे दही जास्त आणि वर मोहरीची फोडणी. कोल्हापूरच्या जिभेला तिखट मात्र कुठेच सापडेना. मी हळूच मिरची मागितली तर सेतुकाका म्हणाले, "विसूही असाच. आमच्या घरीं पहिल्यांदा जेवला आणि म्हणाला, सेतू, तुम्हांकडे कोणी आजारी आहे कां?"

मी हसले आणि त्याच घासाला डोळे भरले. बाबांचं हे बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. ते माझ्या जन्माआधीचं होतं आणि ते जपून ठेवणारा माणूस मला चिंचेची भाजी वाढ म्हणून लेकीला खुणावत होता.

जेवण झाल्यावर काकांनी विडा जुळवला. मी विचारलं, "काका, बोल्ट बदलले कसे? बाबांनी कधी सांगितलं नाही."

"सांगेल कसा? लाजेल कीं." काकांनी पानाचा देठ खुडला. "पुण्यास मी आलों तेव्हां माझें बोलणें ऐकून सगळे हसत. विसू हसला नाहीं. म्हणाला, तूं माझ्या पणज्यासारखा बोलतोस, बोलत राहा. त्या वर्षीं नवमीस दोघांनीं मिळून पूजा मांडली. तुमच्याकडे काय, हळदकुंकू आणि एक झेंडू. आमच्या इकडे आयुधपूजेस चंदन. सायकल, कातर, वजनकांटा, कोणीं सुटत नाहीं. आणि बोटभर नव्हे, चांगलें थापून. विसू म्हणाला, लाव बाबा, देवीस आवडेल. दोन्हीं बोल्ट एका ताम्हनांत ठेवले आणि मीं थापलें."

"मग?"

"मग दशमीपर्यंत हात लावणें नाहीं. तोंवर चंदन वाळलें. पुसलें तेव्हां वरचें गेलें, आंकड्यांतलें राहिलें. आंकडे बुजले. दोन्हीं सारखेच दिसले. हातास आला तो घातला."

"आणि लक्षात कधी आलं?"

"मी इकडे आल्यावर, फार मागाहून. एकदां बोल्ट रॉकेलांत भिजत ठेवला, आणि चंदन सुटलें. वाचतों तर विसूचा नंबर! तेव्हां पाहिलें असतें तर दोन पावलांचें काम होतें. अत्तां मधें सगळा मुलूख आला." ते जरा थांबले. "तो येईल म्हणून मी राहिलों. मी येईन म्हणून तो राहिला असेल."

मी वेळापत्रकाबद्दल सांगितलं. बाबा ते काढून बसत, गाड्या समजावत, ते सगळं. काकांनी विडा तोंडात घातला नाही, हातातच धरून ठेवला.

मूठ

संध्याकाळी रमानं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. काकांची रायफल कपाटातून काढली, माझी मी पिशवीतून. दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री केली, बोल्ट काढले आणि शेजारी-शेजारी ठेवले. मी भिंग लावून नंबर वाचले. काकांच्या नळीवरचा नंबर मी आणलेल्या बोल्टवर होता आणि बाबांच्या नळीवरचा काकांच्या बोल्टवर. एक आकडाही इकडचा तिकडे नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू! मी रमाला मिठीच मारली. बिचारी बँकेतली बाई, गोंधळून गेली.

काका चाचपडत पुढे सरकले आणि त्यांनी मी आणलेला बोल्ट उचलला. मूठ अंगठ्यानं चोळून पाहिली. पुन्हा चोळली.

"हा माझा नव्हे."

"काका, तुमचाच आहे. मी आत्ता नंबर वाचला."

"नंबर असेल. हात विसूचा आहे."

मला कळेना. त्यांनी माझं बोट धरलं आणि मुठीच्या वरच्या बाजूवर टेकवलं. "विसू डावरा. मूठ तर उजवीकडे. तो डावा हात वरून नेऊन ओढी. म्हणून त्याची मूठ वरून झिजली. अत्तां ती दुसरी बघ. माझी खालून झिजली आहे, सगळ्यांची झिजते तशी."

मी बघितलं. बाबांच्या मुठीवर, वरच्या बाजूला, तळहाताच्या फुगवट्याएवढी जागा पोलादाला चढवलेली निळाई जाऊन पांढरी लख्ख झाली होती. ती मला नवी नव्हती. माझ्या टिपणांत मी ती 'मुठीची निळाई गेलेली, किंमत कमी' अशी नोंदवली होती. दुसऱ्यांच्या बंदुकींच्या खाचा वाचून त्यांच्या आजोबांची खोड सांगणारी मी, माझ्या बापाचा हात मला ओळखू आला नव्हता. नंबर चुकीचा म्हणून तो अख्खा तुकडाच मी परका मानला होता. त्या बोल्टवर बाबांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, त्यांनी मला शिकवलं ते त्याच बोल्टवर, आणि मी तो इथवर आणला होता तो देऊन टाकायला.

काकांनी बोल्ट माझ्या हातात ठेवला. "परत ने. मज नक्को."

"अप्पा, परवां क्लबाचा माणूस येणार," रमा म्हणाली.

"येऊं दे. लोखंड आहे, कापोत. ह्या पोरीस बाप एकच."

रमानं वर्तमानपत्र उचलून घडी घालायला घेतली. ती घडी काही केल्या सरळ होईना.

दारासुरम्

दुसऱ्या दिवशी रमानं अर्धी रजा काढली आणि मला जवळच्या दारासुरमला, रेशीम विणकरांच्या गावी नेलं. घरात बसून आम्ही तिघं एकमेकांची नजर चुकवत होतो, त्यापेक्षा साडी बघितलेली बरी. सकाळी खाणावळीत इडलीबरोबर कडप्पा खाल्ला. कडप्पा इथे फरशीला म्हणत नाहीत; मुगाची डाळ, बटाटा आणि खोबरं यांचं पातळ कालवण असतं. चव झकास.

वाटेत रमा स्कूटरवरून, मान अर्धी वळवून बोलत होती. "अप्पांनीं मज ती बंदूक कधीं धरूं दिली नाहीं. मुलींचें काम नव्हे म्हणत. विसूकाकांनीं तुम्हांस शिकवलें हें त्यांनीं अप्पांस फोनवर सांगितलें, मीं दारामागून ऐकलें, तेव्हां मी लहान होतें. फार रडलें." समोरून बस आली म्हणून ती थांबली. "म्हणून अत्तां मींच हट्ट धरला. द्यायची तर मुलींस द्या. अप्पा हरले माझ्यापुढें. आणि अत्तां..." पुढचं वाऱ्यात गेलं. मी पुन्हा विचारलं नाही.

दारासुरमच्या एका विणकराचं घर म्हणजे पुढची सगळी खोली मागानं भरलेली. घरात ते सौराष्ट्री, म्हणजे पूर्वी गुजरातेकडून आलेल्या विणकरांची बोली, बोलत होते, गिऱ्हाइकाशी तमिळ, रमा माझ्याशी मराठी, आणि मी मधे बसून मान हलवत. गडद जांभळ्या रेशमावर एक हात फिरत होता. धोटा पळवायची दोरी ओढायला लाकडी मूठ होती, ती अगदी कोरी. माझं लक्ष साडीवरून उडालं. मी रमाला विचारायला लावलं, जुनी मूठ कुठे गेली?

विणकरानं हात न थांबवता उत्तर दिलं. रमा भाषांतर करताना अडखळली. "त्यांच्या आईच्या हातची होती म्हणतात. झिजून बारीक झाली, बोटास टोचूं लागली. मग काढली."

"आणि ठेवली कुठे?"

"बंबांत घातली. अंघोळीचें पाणी तापवलें."

माझा चेहरा बघून विणकर पहिल्यांदाच हसला आणि काहीतरी म्हणाला. रमा म्हणाली, "म्हणतात, माग चालूं आहे कीं. आई म्हणजे आणखी काय असतें?"

मी साडी घेतली, जांभळीच. येताना मी साडीचं पुडकं मांडीवर धरून मागे बसले. विणकराचं म्हणणं मला पटलं नव्हतं. माझ्यानं बाबांची कुठलीच वस्तू बंबात घालवणार नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे राहून राहून एक दिसत होतं: दारामागे उभी राहून फोन ऐकणारी, रडणारी एक मुलगी. मला बाबांनी ती रायफल आपणहून हातात दिली होती. मी नको-नको म्हणत असताना.

परत मेलकावेरी

काका पुढच्या खोलीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "काका, तुमची रायफल मुलींकडे जाऊ दे. बाबांचा हात तिच्यावर राहू दे."

"मग तुज काय राहिलें?"

"तुमचा."

त्यांनी चष्मा काढून वेष्टीच्या टोकानं पुसला. मग म्हणाले, "पावम्." बिचारी, असा त्याचा अर्थ, हे रमानं नंतर सांगितलं. मला वाटलं ते 'पावलं' म्हणाले.

बोल्ट त्यांनीच बसवला. दिसत नव्हतं, पण हात चुकले नाहीत. आत गेला तसा तो अलगद, सैल न पडता बसला. केसाचीही फट नाही. माझ्या रायफलीतही तसंच. संग्राहकाला जे आयुष्यात एखाद्या वेळी दिसावं ते माझ्यासमोर होतं, दोन जुळ्या बहिणी, अंगावरचं सगळं आपापलं. मी फोटोसुद्धा काढला नाही. काका तो बोल्ट पुन्हा-पुन्हा मागेपुढे करत होते आणि मी त्यांच्या बोटांखालची ती पांढरी जागा बघून घेत होते. मला ती हवी होती. अजूनही हवी आहे.

दुसऱ्या दिवशी क्लबाचा माणूस आला, त्यानं नंबर वाचले, खूश झाला, सह्या झाल्या. त्याच्याबरोबर क्लबातली एक प्रशिक्षक बाई होती. तिनं रायफल खांद्याला लावून बघितली तेव्हा रमा पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात निघून गेली. काकांनी मात्र त्या बाईला तिचं नाव विचारलं, कुठली ते विचारलं, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले. रमानं दशम्या दिल्या होत्या, तिच्या मते तिखट.

कोल्हापूर

आल्यावर पहिल्या रविवारी रेंजवर गेले. सगळे बार उडाले, एकही फुकट गेला नाही. क्लबातल्या मंडळींनी भिंगातून नंबर जुळवून बघितले, पाठ थोपटली, एकानं तर पेढे मागवले. मी पेढा खाल्ला. बोल्ट ओढायला गेले की माझी नजर मुठीच्या वरच्या बाजूला जाते. तिथे निळाई शाबूत आहे, छान आहे, आणि मला ती बघवत नाही.

परवा रमाचा फोन आला. क्लबातल्या मुली त्या रायफलीवर शिकू लागल्या आहेत, रमाही रविवारी जाते, पहिल्या दिवशी खांदा दुखला म्हणाली. मग काकांनी फोन घेतला.

"विसूची बंदूक जवळ आहे?"

"समोरच आहे, काका. साफ करत होते."

"रिकामी आहे कीं?"

"हो."

"बोल्ट ओढ. ऐकतों."

मी फोन टेबलावर ठेवला, बोल्ट उचलून मागे ओढला आणि पुढे सारून बसवला. खट-खट.

"आणखी एकदां," काका म्हणाले.

या वेळी मी डावा हात वरून नेला आणि बाबा ओढायचे तसा ओढला. उलट्या हातानं ओढताना मधे जरा अडतं, हात वळवून घ्यावा लागतो, तेवढा आवाज थांबतो. मग मी तो पुढे सारला.

"विसू," काका म्हणाले.